इंदूबाईंची हुडकेश्वरची जागा

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपल्या मंडळीचे पाळक रेव्हरंड चंद्रभान पारधे. व्यासपीठावर विराजमान असलेले रुग्णालयाचे डॉक्टरसाहेब. मंडळीचे सर्वांत ज्येष्ठ पंच वामनराव रणभिसे, ज्यांना या हॉलमधली तीन पिढ्यांची माणसं काकाच म्हणतात. आज ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या आमच्या मेट्रन इंदूबाई मकासरे. आणि समोर बसलेल्या परिचारिका भगिनी, वॉर्डातले कर्मचारी, मंडळीतले वडीलधारे आणि बालगोपाळ, तुम्हा सर्वांना जया डोंगरदिवेचा येशूच्या नावाने सलाम.

माझ्याआधी चार वक्ते बोलले. बाईंच्या सेवेबद्दल, शिस्तीबद्दल, प्रार्थनाशील जीवनाबद्दल जे बोलायचं ते त्यांनी इतक्या सुंदर शब्दांत सांगितलं की माझ्यासारख्या शाळामास्तरणीसाठी फारसं उरलेलं नाही. कमिटीने मला विषय दिला आहे 'इंदूबाई आणि ख्रिस्ती दातृत्व'. विषय ऐकून पुष्कळांच्या भुवया वर गेल्या, हे मी इथून पाहते आहे. सभागृहात अशी एक शांतता असते, जी आदराची नसते. ती मला ओळखू येते. आठ वर्षं मी ती बाईंच्या मागे रविवारी-रविवारी फिरताना पाहिली आहे.

बाई, पदर ओढू नका. मी खाली बसणार नाही. तुमच्या शेजारी बोलायला उभं केलं, यात माझा काय दोष?

मी बाईंना लहानपणापासून ओळखते. माझी आई रुग्णालयात आया होती आणि बाईंच्या क्वार्टरची भिंत आमच्या भिंतीला लागून होती. बाई कळमेश्वरकडच्या एका खेड्यातून नर्सिंग शिकायला आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची हिंमत डॉक्टरसाहेबांनाही झाली नसेल. त्यांचं देणं कसं होतं, हे नवीन मुलींना सांगायला हवं. प्रसूतीसाठी आलेल्या एका बाईच्या अंगावर धड लुगडं नव्हतं. इंदूबाई घरी गेल्या, स्वतःचं नवं लुगडं आणलं आणि तिच्या खाटेवर जवळजवळ फेकलंच. ती बिचारी रडायला लागली. त्यावर बाई काय म्हणाल्या? "काहून रडून राहिली वं? लुगडं आहे, साप नाही. नेस आन लेकराले पाज." असं यांचं दातृत्व. त्यात मध नव्हता, पण काटाही नव्हता. लुगडं दिलेलं ती बाई पुढे बाजारात भेटली तर इंदूबाई तोंड फिरवून घेत, तिला पुन्हा आभार मानावे लागू नयेत म्हणून.

अशा माणसाला कोणी कंजूष म्हणावं, हे कसं घडलं?

पाळकसाहेब, आपण आमच्या मंडळीत या प्रकरणानंतर आलात. तेव्हा ज्यांना ठाऊक आहे त्यांनी थोडा धीर धरावा, आणि ज्यांना वाटतं की ठाऊक आहे त्यांनी तर जास्तच धरावा.

बाईंनी हुडकेश्वरला एक लहानशी जागा घेतली होती. त्या वेळी तिकडे वस्ती कसली, तुरीची शेतं आणि पांदण. रविवारची उपासना झाली की बाई बसने जायच्या, बसमधून उतरून बरंच चालायच्या, आणि त्या रिकाम्या जागेवर वर्तमानपत्र अंथरून बसायच्या. मीही एकदोनदा गेले. मी विचारलं, "बाई, इथे बसून काय करता?" म्हणाल्या, "काही नाही. कोणी बोलवत नाही, तेच आयकून राहिली." तुमच्यापैकी जे क्वार्टरमध्ये राहिले आहेत त्यांना हे समजेल. मेट्रनच्या क्वार्टरचं दार म्हणजे वॉर्डाचंच दार. जेवताना वाजतं, आंघोळीला गेलं तरी वाजतं. त्या बाईला आयुष्यात एकच गोष्ट स्वतःसाठी हवी होती, म्हातारपणी स्वतःची दोन खोल्यांची जागा.

घर कसं बांधावं, विटा कुठून घ्याव्या, हे विचारायला त्या वामनरावकाकांकडे गेल्या. काका कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीची बांधकामं घेत होते, तेव्हा त्यांच्याकडे नाही तर कोणाकडे जाणार? काकांनी नकाशा काढून दिला, चहा पाजला आणि बोलता बोलता म्हणाले, "इंदूबाई, मंडळीतल्या निराधार विधवांसाठी एक घर व्हावं असं माह्या लय मनात आहे. तुमच्या जागेसारखी जागा भेटली तर किती छान होईन!" बाई म्हणाल्या, "पाहू ना, काका."

पाहू. मराठीत या शब्दाचा अर्थ काय होतो, हे मी मुलांना शिकवते. नकार द्यायचा असतो पण समोरचा माणूस वडीलधारा असतो, तेव्हा आपण 'पाहू' म्हणतो. होकार असता तर माणूस 'हो' नसता का म्हणाला?

त्या वर्षीचा हंगामाचा सण आठवा. एकाहत्तर साल. भोपळे, तांदळाची पोती, कोंबड्या, सीताफळाच्या टोपल्या, वेदीसमोर नुसता ढीग होता. मी बाईंच्या शेजारी बसले होते. दानार्पणाचं गीत संपलं आणि काका उभे राहिले. गहिवरून म्हणाले, "बंधुभगिनींनो, प्रभूनं आपल्यातल्या एका बहिणीच्या अंतःकरणाला स्पर्श केला आहे. इंदूबाई मकासरे यांनी आपली हुडकेश्वरची जागा विधवांच्या घरासाठी अर्पण केली आहे."

 मग जो टाळ्यांचा पाऊस पडला! म्हाताऱ्या उठून बाईंच्या पाया पडायला आल्या. तुळसाबाई नावाची एक विधवा होती, आता ती प्रभूघरी आहे. ती बाईंचे दोन्ही हात डोळ्यांना लावून रडत होती. अशा वेळी उभं राहून "मी दिलेलं नाही" म्हणायला कोणतं काळीज लागतं, हे तुम्हीच सांगा. बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी पिचली. त्या उभ्या राहिल्या. हात जोडले. बसल्या. एवढंच केलं त्यांनी. आणि आपण सगळ्यांनी ते होय समजून घेतलं.

तिथून पुढचे महिने मी जवळून पाहिलेत. पाण्यात उतरलेल्या म्हशीला गाळ धरतो ना, तसं. जितकी हलली तितकी रुतली. रस्त्यात माणसं थांबवायची आणि आशीर्वाद द्यायची. तरुण संघाने बाईंवर गीत रचलं. कळमेश्वरच्या मंडळीने 'देण्यातील आनंद' या विषयावर बोलायला बोलावलं, आणि बाई गेल्या. हो, गेल्या! मी सोबत होते. अर्धा तास बोलल्या, आणि इतकं चांगलं बोलल्या की बायका पदराने डोळे पुसत होत्या. परतीच्या बसमध्ये मला म्हणाल्या, "चांगली बोलली ना मी?"

मी म्हटलं, "फार छान."

"हेच तर वाईट झालं." खिडकीबाहेर पाहत होत्या. "जया, खोटं काहून बोलू? मले बरं वाटून राहिलं. देणं माहं नाही, आन वाहवा माही आहे. लोकं असे पाहतात माह्याकडे की मीच मले अनोळखी वाटते. आता नाही म्हटलं तर जागा वाचते, पण ही इंदूबाई मरते. आन हो म्हटलं तर..."  सीताबर्डी आली आणि आम्ही उतरलो.

आपण प्रवचनात नेहमी ऐकतो की दान उजव्या हाताने करावं आणि डाव्याला कळू देऊ नये. ते खरंच आहे. पण ज्या दानाची सगळ्या गावाला खबर आहे आणि देणाऱ्याच्या उजव्या हातालाच ठाऊक नाही, त्याला काय म्हणावं?

बक्षीसपत्र करायचं होतं. बाई टाळत राहिल्या. कधी ड्यूटी, कधी ताप, कधी वॉर्डात गोवराची साथ. काका दर रविवारी दारात उभे, "मग इंदूबाई, केव्हा जायचं?" शेवटी दिवस ठरला. साक्षीदार म्हणून सही करायला मला नेलं. रजिस्ट्री कचेरीच्या बाकावर आम्ही तिघं बसलो, बाई मध्ये, काका एका बाजूला, मी दुसऱ्या. उन्हाळ्याचे दिवस. वर पंखा होता, पण तो फिरत नव्हता. बाईंनी पांढरी इस्त्रीची साडी नेसली होती, जणू ऑपरेशनला निघाल्या. मला वाटलं, आता सुटका नाही.

आत बोलावलं. टेबलामागचे अधिकारी चष्म्यातून कागद वाचत होते. दिवसभरात शंभर जणांना विचारत असतील तसं त्यांनी मान वर न करता विचारलं, "बाई, ही जागा तुम्ही स्वखुशीने देत आहात ना?"

बाई कागदाकडे पाहत राहिल्या.

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "कोणाचा दबाव आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग स्वखुशीने देताय."

"दबाव नाही साहेब," बाई म्हणाल्या, "पण खुशीबी नाही."

काका म्हणाले, "इंदूबाई, हे काय बोलून राहिल्या तुम्ही?"

"खरं बोलून राहिली, काका. इतक्या दिवसांत मले हे कोणी विचारलंच नव्हतं. यायनं पहिल्यांदा विचारलं." आणि त्या परक्या अधिकाऱ्याला त्यांनी नमस्कार केला, पर्स उचलली आणि बाहेर आल्या.

बाहेर कडुलिंबाखाली काका मटकन बसले. काकांना मी तोपर्यंत नेहमी आवाज चढवताना पाहिलं होतं. त्या दिवशी ते लहान मुलासारखे रडले. "आता मी लोकायले काय सांगू? बिशपसाहेबायले कळवलं आहे. पायाभरणीची तारीख दिली आहे. लोकं म्हणतीन वामनरावनं खोटं सांगतलं. माह्या पोरीचं लग्न जमून राहिलं, इंदूबाई..."

हे सांगताना एक मान्य केलं पाहिजे की काका लबाड नव्हते. ज्या माणसाने दुष्काळात स्वतःच्या साइटवरच्या मजुरांना घरून भाकरी नेल्या, त्याला मी लबाड म्हणणार नाही. त्यांना विधवांसाठी घर खरोखरच हवं होतं. इतकं हवं होतं की 'पाहू'चा 'हो' कधी झाला, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. चांगल्या कामाच्या घाईत असलेल्या माणसाला बहुधा समोरचं माणूस दिसत नाही.

इंदूबाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या. मला वाटलं, आता बोलतील, चांगल्या फैलावर घेतील. त्या म्हणाल्या, "काका, उठा. पायजम्याले माती लागली."

पुढे काय झालं ते मंडळीला ठाऊक आहे. किंवा ठाऊक नाही. मंडळीत एवढंच कळलं की इंदूबाई कचेरीपर्यंत जाऊन फिरल्या. देवाला दिलेलं परत घेतलं. काका त्यावर काही बोलले नाहीत. बाईही बोलल्या नाहीत. ज्या बायका पाया पडल्या होत्या त्यांनी बाक बदलला. प्रीतिभोजनात बाईंच्या पानावर वाढणारीचा हात आखडता झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तरुण संघाचं गीत बंद पडलं आणि त्याच चालीवर पोरांनी दुसरंच काही रचलं. दानार्पणाची पिशवी बाईंसमोर आली की मागच्या रांगेतून खोकला ऐकू यायचा. आठ वर्षं! बाईंनी एक रविवार चुकवला नाही. मी कितीदा म्हटलं, "बाई, मी साक्षीदार आहे, मी सांगते सगळ्यांना." तर मला दम दिला, "खबरदार! मंग कधी माह्या दारात येऊ नको."

मी एकदा रागावूनच विचारलं, "काकांवर एवढी दया कशासाठी?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "दया नाही वं. सुरुवातीले तर मले राग होता, आन त्याले त्याच्याच तोंडानं सांगू दे असं वाटे. मंग त्याच्या पोरीचं लग्न झालं. मंग तो म्हातारा झाला. मंग मले भांडायचा कंटाळा आला. आता तर सवय झाली. तू त्याले दया म्हण नाहीतर काही म्हण."

बंधुभगिनींनो, मी या उत्तरावर पुष्कळ विचार केला आहे. आपल्याला वाटतं, दान करणाऱ्याच्या मनात निर्मळ झरा असतो. असेलही कोणाच्या. बाईंच्या मनात राग होता, हट्ट होता, कंटाळा होता आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी एका माणसाची अब्रू न घेण्याचा निश्चय होता. त्यांनी जागा दिली नाही हे खरंच. पण काकांना आपलं चांगलं नाव दिलं, रोज दिलं, आणि स्वतः कंजूष म्हणवून घेतलं. त्या दानाची कोणी घोषणा केली नाही, म्हणूनच मी त्याला दान म्हणते.

काका, आपण बसा. नाही नाही, बसाच. पाणी द्या कोणी काकांना. मी हे काकांच्या पाठीमागे बोलत नाही. ते सांगण्यासाठीच मला आता कमिटीच्या मागच्या बैठकीची गोष्ट सांगावी लागेल, आणि त्यासाठी अध्यक्षांची आगाऊ क्षमा मागते.

या समारंभाच्या तयारीची बैठक होती. आमचे तरुण सेक्रेटरी रविंद्रभाऊ, मोठे उत्साही, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांनी एक सूचना मांडली. म्हणाले, बाई निवृत्त होत आहेत. विधवांचं घर अजून व्हायचंच आहे. निरोपाच्या दिवशी व्यासपीठावरून जाहीर करू की बाई हुडकेश्वरची जागा मंडळीला देत आहेत. एवढ्या लोकांसमोर त्या नाही म्हणणार नाहीत. जुना डागही धुतला जाईल आणि कामही होईल. आणि जयाताई त्यांच्या जवळच्या, त्यांनीच जाहीर करावं.

सगळ्यांना कल्पना आवडली. माना डोलल्या. मी तिथे बसले होते. क्वार्टर तर बाईंना याच महिन्यात सोडायचं आहे. ही जागा गेली तर ती बाई राहणार कुठे, हे त्या खोलीत एकालाही सुचलं नाही. रजिस्ट्री कचेरीतला तोच बाक पुन्हा आला आणि या वेळी बाईंना बांधायची दोरी माझ्या हातात दिली गेली, असं मला वाटलं. नाही म्हणावं तर मंडळीच्या कामात आडवी आले. हो म्हणावं तर बाईंना कुठल्या तोंडाने भेटू?

तेव्हा कोपऱ्यातून काका बोलले. अलीकडे ते बैठकीत बोलत नाहीत, ऐकूही कमी येतं. आम्हाला वाटलं त्यांचं लक्ष नाही. ते म्हणाले, "तिले विचारलं काय?"

रविंद्रभाऊ म्हणाले, "काका, विचारायचं काय त्यात? आधी कबूल केलंच होतं त्यांनी."

काका काठी टेकून उभे राहिले. "नव्हतं केलं कबूल. मी तिले विचारलंच नव्हतं. माह्याच मनानं बोललो मी, आन आठ वर्षं तिले शिव्या खाऊ देल्या. माही बायको जिजाबाई मरताना म्हणे, सांगून टाका, सांगून टाका. मी सांगतलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जया, तू त्या दिवशी हॉलमध्ये सांग. मी तिथंच बसीन. मले उभ्यानं सांगता नाही येणार पोरी, पाय कापतात. पण बसून आयकीन."

ते आज व्यासपीठावर बसून ऐकत आहेत. काका, याहून अवघड काम या हॉलमध्ये आज कोणी केलेलं नाही, माझं भाषण धरून.

बैठकीने मग मला बाईंकडे पाठवलं, रीतसर विचारून यायला. बाई क्वार्टरमध्ये भांडी बांधत होत्या. मी काका काय बोलले ते सगळं सांगितलं. बाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि बराच वेळ पदराने हात पुसत राहिल्या. हात केव्हाच कोरडे झाले होते. मग म्हणाल्या, "बुढ्यानं सांगतलं काय शेवटी!"

मी विचारलं, "बाई, मंडळी विचारते आहे. जागा द्यायची तुमची इच्छा आहे का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जिच्या आवाजाने वॉर्डबॉय पळत सुटायचे, ती बाई मला अगदी हळू आवाजात म्हणाली, "नाही म्हटलं तर चालते काय?"

मी म्हटलं, "चालतं, बाई."

"मंग नाही."

आणि त्या हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता खाली बसल्या आणि रडल्या.

तेव्हा बंधुभगिनींनो, माझ्याकडून जी घोषणा अपेक्षित होती ती अशी आहे: इंदूबाई मकासरे आपली जागा मंडळीला देत नाहीत. त्या तिथे दोन खोल्या बांधून राहणार आहेत. मंडळीने त्यांना होय म्हणवलं होतं, तेव्हा ते दान नव्हतं. आज त्या मोकळेपणाने नाही म्हणू शकल्या. पुढे कधी त्यांच्या मनात आलंच तर त्या स्वतः सांगतील, आणि नाही आलं तर आपण विधवांच्या घरासाठी दुसरी जागा शोधू. ज्यांना आपल्या जागा द्यायच्या असतील त्यांनी रविंद्रभाऊंना भेटावं. ते आधी विचारतील, अशी मला खात्री आहे. हसू नका रविंद्रभाऊ, हे बैठकीच्या वृत्तांतात लिहा.

अध्यक्षमहाराजांनी मला बोलू दिलं, वामनरावकाकांनी मला बोलायला लावलं, आणि आपण सर्वांनी खुर्च्या न सरकवता ऐकलं, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर मुलीचं समजून पोटात घालावं.

बाईंना शाल देण्याचा मान मला मिळाला आहे. मघाशी मागच्या खोलीत मी त्यांना विचारून घेतलं, "बाई, शाल दिली तर चालेल ना?"

म्हणाल्या, "शाल चालते. थंडी लय पडून राहिली."